मदत हवी आहे: शेळ्या घेण्याआधी जनावरांत हात बसवायचा आहे, सुरुवात कुठून करू?

नमस्कार. जुन्नर तालुक्यात ओतूरच्या बाजूला सासरची एकरभर जमीन आमच्या वाट्याला आली आहे. विहीर सामाईक, उन्हाळ्यात पाणी जेमतेम. आम्ही दोघंही पुण्यात नोकरी करतो. पुढेमागे तिथेच राहायला जायचं, थोडा भाजीपाला, बांधावर शेवरी-सुबाभूळ, सात-आठ शेळ्या आणि जमलंच तर एक गाय, असं मनात आहे. पैशांचं आणि कागदपत्रांचं आमचं आम्ही बघतोय. प्रश्न जनावरांचा आहे.

मी शहरात वाढले. बांधलेल्या गाईच्या अंगाला लागून गव्हाणीपर्यंत जायचं म्हटलं की माझे पाय अडतात. तिला ते लगेच कळतं, ती दावं ओढते, बाजूला होते, आणि माझी भीती आणखी वाढते. शेळ्यांजवळ एवढं होत नाही, पण एखादी धरून तिला औषध पाजणं किंवा तिचे खूर कापणं मला येत नाही. चुलत सासूबाई म्हणतात, "घे शेळ्या, आपोआप येतंय सगळं." त्यांनी जन्मभर जनावरं सांभाळली, त्यांच्या बाबतीत ते खरंच असेल. पण माझ्या शिकण्यापायी मुक्या जिवाचे हाल व्हावेत हे मला मान्य नाही. दावणीला जनावर बांधायच्या आधी माझा हात बसलेला हवा.

म्हणून विचारते. आधी शेळ्यांत शिकावं की एखाद्या शांत गाईजवळ? दुसऱ्याच्या गोठ्यात शनिवार-रविवार राबायला मिळावं यासाठी कुणाला कसं विचारायचं, पैसे देऊ केले तर वाईट वाटेल का? प्रशिक्षणात प्रत्यक्ष जनावराला हात लावायला देतात, की नुसती भाषणं असतात? शेळी विताना अडली तर किती वेळ वाट बघायची? आणि आमच्या भागात बिबट्या आहे, त्याचं काय करायचं? जातींबद्दल वाचलं आहे. संगमनेरी जवळची, दूध आणि मांस दोन्हीला चालते. उस्मानाबादी काटक आणि जुळी देणारी. मन संगमनेरीकडे झुकतंय, कारण घरच्यापुरतं दूधही हवं आहे.

प्रतिसाद – माळरान

ताई, शेळ्याच घ्या, पण भीती गाईजवळ घालवा. शेळी हिसका देऊन हातातून सुटते, फार काही होत नाही, त्यामुळे आपण कुठे आणि कसे उभे आहोत याकडे लक्षच जात नाही. गाय ते लक्ष द्यायला लावते. दोन-तीन वेतं झालेली, बायकामाणसांच्या हाताची सवय असलेली गाय बघा. पहिलारू नको आणि नुकती व्यालेली तर अजिबात नको. वासरू जवळ असताना गरीब गायसुद्धा अनोळखी माणसावर धावते.

गाईला दोन्ही बाजूंचं भरपूर दिसतं, फक्त शेपटीच्या सरळ मागचं दिसत नाही. म्हणून मागून जायचं नाही. खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत, सावकाश जायचं. पहिला हात तोंडावर नेऊ नका, खांद्यावर नाहीतर पाठीवर तळहात सपाट ठेवा. गाईची लाथ पुढे येऊन बाजूला फिरते. त्यामुळे एकतर तिच्या अंगाला लागून उभं राहायचं, नाहीतर लाथ पोचणार नाही इतकं लांब. भ्यालेला माणूस नेमका मधे उभा राहतो आणि लाथेचा सगळा जोर तिथेच असतो. कान सैल असतील, रवंथ चालू असेल तर ती निवांत आहे. अंग ताठ केलं, शेपूट आवळली, रवंथ थांबवली, तर तुम्हीही जागच्या जागी थांबा. पळू नका.

आधी शेण काढा, गोठा झाडा, पाणी पाजा, वैरण टाका. मग खरारा, म्हणजे ब्रशने अंग घासणं. माझ्या मते जनावर आणि माणूस दोघांची भीड मोडायला खराऱ्यासारखं दुसरं काही नाही. गाय हळूहळू मान लांब करते, अंग तुमच्याकडे कलतं करते, आणि आपला श्वासही त्याबरोबर संथ होतो. त्यानंतर म्होरकी (तोंडाभोवतीची दोरी) घालणं-काढणं, कासरा (हातात धरायची दोरी) धरून पाण्यावर नेणं. कासरा हाताला कधीही गुंडाळायचा नाही, जनावर बुजलं तर हात जातो. धार सगळ्यात शेवटी. अंगठा मुडपून काढू नका, सडाला इजा होते. मुठीने शिका. पान्हा पाच-सात मिनिटंच टिकतो, म्हणून सुरुवातीला अर्धी धार मालकिणीलाच काढू द्या.

पैसे देऊ करू नका, लोक तुम्हाला पाहुणी समजतील आणि खुर्ची देऊन चहा पाजतील. सकाळी दूध घालायच्या वेळेला डेअरीवर जा, गावातले सगळे गोठेवाले तिथे भेटतात. "मला शेण काढण्यापासून शिकायचंय" असं सरळ सांगा आणि ठरलेल्या वेळेला पहाटे हजर राहा. जमलं तर बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात विकत काही न घेता नुसतं हिंडा. दात बघून वय कसं सांगतात, दोन दाती, चार दाती, जुळलेली, हे तिथे उभं राहून जेवढं कळतं तेवढं वाचून कळत नाही.

प्रतिसाद – पशुवैद्य_नगर

मी शेळीपुरतं लिहितो.

धरताना कान, शिंग किंवा मागचा पाय ओढू नका. एक हात जबड्याखाली, दुसरा पुठ्ठ्यामागे, आणि तिचं अंग भिंतीला किंवा तुमच्या गुडघ्याला टेकलेलं. पातळ औषध पाजताना तोंड आकाशाकडे करणं ही फार मोठी चूक आहे, औषध श्वासनलिकेत जाऊन शेळी दगावू शकते. मान सरळ ठेवा, तोंडाच्या कोपऱ्यातून थोडं थोडं सोडा, तिला गिळू द्या. ठसका लागला तर लगेच मान सोडा.

निरोगी शेळी कशी असते हे हाताला आधी कळू द्या, म्हणजे आजारी शेळी आपोआप वेगळी जाणवते. डाव्या कुशीत मूठ टेकवून थांबा, मिनिटाला एखाददोन वेळा पोट आतून ढकलल्यासारखं लागेल. तीच कूस ढोलासारखी ताणली असेल तर पोटफुगी, तेव्हा सकाळपर्यंत थांबायचं नाही. खालची पापणी उलटून बघा. लालसर गुलाबी हवी, पांढुरकी असेल तर बहुधा जंत रक्त पीत आहेत. लेंड्या सुट्या आणि गोळीदार हव्यात. तापमान 102 ते 103 फॅरनहाइटच्या आसपास असतं, शेळीला तो ताप नव्हे.

विण्याबद्दल: गाभण काळ साधारण 150 दिवसांचा, म्हणून शेळी बोकडाला कधी दाखवली ती तारीख लिहून ठेवा. पुढचे दोन खूर आणि त्यावर नाक दिसलं तर बहुतेक वेळा काहीच करावं लागत नाही. जोरात कळा देऊन अर्धा तास झाला आणि काहीच पुढे सरकलं नाही, किंवा नुसतं शेपूट अथवा एकच पाय दिसला, तर ओढत बसू नका, डॉक्टरांना बोलवा. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक 1962 आहे. करडाची नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा, पहिल्या तासाभरात चीक पाजा. शेळी गाभडली तर वार किंवा गर्भ उघड्या हाताने उचलू नका, ब्रुसेलोसिस माणसालाही होतो. दूध कायम उकळूनच घ्या. पीपीआर या शेळ्यांच्या साथीच्या रोगाची लस आणि पावसाळ्याच्या तोंडावर आंत्रविषाराची लस चुकवू नका.

प्रशिक्षणासाठी नारायणगावचं कृषी विज्ञान केंद्र तुमच्याच तालुक्यात आहे. शेळी-मेंढीचं महामंडळ पुण्यात गोखलेनगरला आहे, आणि फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था शेळ्या-मेंढ्यांवर अनेक वर्षं काम करते. नाव नोंदवण्याआधी "प्रत्यक्ष शेळी धरून दाखवता का आणि आम्हाला धरू देता का" एवढं विचारून घ्या.

प्रतिसाद – ऊसपट्टा

मी ओतूरपासून जवळच राहतो. बिबट्या उसात राहतो आणि कमी उंचीची भिंत सहज ओलांडतो, त्यामुळे चारी बाजूंनी जाळी आणि वर पत्रा, दोन्ही हवंच. भिंत आणि पत्र्याच्या मधली फट सोडू नका, खालून जाळी जमिनीत गाडा. दाराला कोयंडा पाहिजे, दोरी नको. अंधार पडायच्या आत शेळ्या आत, आणि गोठा उसाच्या सरीला लागून बांधू नका. शेळी मारली गेलीच तर वन विभाग भरपाई देतो, पण पंचनामा होईपर्यंत काही हलवायचं नाही. शेळ्या आणण्याच्या आधी गोठा पुरा करा, अर्धवट गोठ्यात एक रात्रही नको.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. अंगाला लागून उभं राहायचं की लांब, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. येत्या शनिवारी डेअरीवर जाऊन विचारणार आहे, आणि गोठ्याचा नकाशा जाळी धरून पुन्हा काढायला घेतला आहे.

आणखी एक विचारायचं राहिलं. सात-आठ शेळ्यांसाठी स्वतःचा बोकड पाळणं परवडतं का? आमच्या आळीत एक बोकड आहे, पण त्याची जात कुणालाच नीट सांगता येत नाही आणि गावातल्या बऱ्याच शेळ्या त्याच्याच वंशातल्या आहेत. जुन्नर-आंबेगाव भागात कुणी शेळ्यांना कृत्रिम रेतन करून घेतलं आहे का? गाभण राहण्याचं प्रमाण कसं आलं?