मदत हवी आहे: बेसिक ग्राफिक्स मोडमध्ये फेडोरा लिनक्स बसलं, पण साधा ड्रायव्हरच चालला हे कसं तपासायचं?

नमस्कार मंडळी,

अंबाजोगाई तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाला नऊ जुने डेस्कटॉप मिळालेत. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं की पोरांसाठी संगणकाची खोली उघडायची ठरलंय. सगळ्यांवर फेडोरा एक्सएफसीई (लिनक्सचा हलका प्रकार) टाकायलोय.

सहा मशीन बिनतक्रार झाली. उरलेल्या तीनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं आहे. पेनड्राइव्हवरून बूट केलं की मेनू दिसतो, त्यानंतर स्क्रीन काळी. कॅप्स लॉक दाबलं की त्याचा दिवा लागतो-विझतो, म्हणजे मशीन चालू आहे, नुसतं चित्र येईना.

मग मेनूत ट्रबलशूटिंगमध्ये जाऊन बेसिक ग्राफिक्स मोड निवडला. इन्स्टॉलर उघडला, तिन्हीवर फेडोरा बसलं. (मध्येच लाईट गेल्यामुळं एकावर दोनदा करावं लागलं.) पण आता रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ च्या पुढं जाईना, आणि बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ सरकवली तरी पान अडखळतं. व्हिडिओचं तर विचारूच नका.

दोन गोष्टी कळत नाहीत. इन्स्टॉल करताना खरोखर साधा ड्रायव्हरच चालला, की कार्डाचा ड्रायव्हर अर्धवट चालू झाला होता, हे कसं तपासायचं? आणि आता नेहमीच्या ड्रायव्हरवर जायला गेलो अन् परत काळी स्क्रीन आली तर? पुन्हा सगळं बसवायला माझ्याकडं रविवारच असतो.

प्रतिसाद

दादा, घाबरू नका, मशीन बिघडलेलं नाही. बेसिक ग्राफिक्स मोड निवडला की कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, ‘नोमोडसेट’ (nomodeset) हा शब्द दिला जातो. त्याचा अर्थ, कार्डाच्या ड्रायव्हरनं स्क्रीनला हात लावायचा नाही. मशीन चालू होताना बायोसनं किंवा यूईएफआयनं (मदरबोर्डवरच्या सुरुवातीच्या प्रोग्रामनं) जी चौकट आखून दिली, तिच्यावरच ‘सिंपलडीआरएम’ (simpledrm) नावाचा छोटा ड्रायव्हर चित्र काढतो. चौकट आधीच ठरलेली, म्हणून रिझोल्यूशन बदलत नाही. कार्डाची मदत नसल्यानं सगळं काम प्रोसेसरवर पडतं, म्हणून पान अडखळतं. फेडोरात ३६ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, सिंपलडीआरएम वापरायची ही पद्धत आहे.

तपासायचं असेल तर टर्मिनलमध्ये ‘sudo dmesg’ ही कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड चालवा आणि त्यात simpledrm शोधा. त्याची ‘इनिशियलाइझ्ड’ अशी ओळ असेल आणि तुमच्या कार्डाच्या ड्रायव्हरची तशी ओळ नसेल, तर साधा ड्रायव्हरच चाललाय.

फेडोराचा इन्स्टॉलर नोमोडसेट हा शब्द बसवलेल्या सिस्टिममध्येही तसाच ठेवतो. बरेच जण इथंच फसतात. तो शब्द काढायच्या आधी सगळे अपडेट घ्या, कारण पेनड्राइव्हवरचा कर्नल ती आवृत्ती निघाली तेव्हाचा असतो. मग चालू होताना शिफ्ट दाबून धरा, ग्रबचा (सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू आला की ‘ई’ दाबा, त्या ओळीतला नोमोडसेट खोडा आणि कंट्रोल-एक्सनं बूट करा. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरता असतो. स्क्रीन काळी राहिली तर मशीन बंद करून चालू करा, शब्द आपोआप परत येतो. चित्र नीट आलं तरच ‘ग्रबी’ (grubby) या कमांडनं कायमचा काढा.

धागाकर्ता

दादा, खूप आभार. तिन्हीवर सिंपलडीआरएमची ओळ सापडली. अपडेट घ्यायला फोनच्या हॉटस्पॉटवर दोन रात्री गेल्या. त्यानंतर दोन मशीनवर नोमोडसेट काढून पूर्ण रिझोल्यूशन आलं, व्हिडिओही सरळ चालतोय. तिसरं अजून काळंच राहतं, त्यावर तो शब्द तसाच ठेवलाय. मराठी टायपिंग शिकायला ते पुरेल, पोरी आत्ताच त्याच्यासमोर बसायला लागल्यात.

एकच राहिलं. त्या तिसऱ्यातलं कार्ड काढून केबल थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावली तर चालेल का? मागं व्हीजीएचं पोर्ट आहे, पण प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे की नाही हे मशीन न उघडता कुठं बघायचं?