शब्दचर्चा : दहशत, दहशतवाद आणि त्याच्या कायद्याचा अभ्यास करणारी

माझी भाची ठाण्यात एलएलएम करते आहे. दहशतवाद आणि सुरक्षा यांविषयीच्या कायद्यात संशोधन करायचं, पुढे तेच शिकवायचं, असं तिने ठरवलंय. परवा नौपाड्यात घरी पाहुणे आले होते. आईने त्यांना कौतुकाने सांगितलं, "ती दहशतवादाची वकील होणार." पाहुणे गप्पच झाले. भाची हिरमुसली. तेव्हापासून विचार करतोय, अशा व्यक्तीला मराठीत म्हणावं काय?

'विधिज्ञ' हा शब्द वर्तमानपत्रांनी कोर्टात उभ्या राहणाऱ्या नामवंत वकिलांना देऊन टाकलाय. 'कायदेपंडित' पंचविशीतल्या मुलीला शोभत नाही. मला 'अभ्यासक' आवडतो. पण कशाची अभ्यासक? 'दहशतवादविरोधी कायद्याची' म्हटलं की ऐकणाऱ्याला ती पोलिसांच्या बाजूने काम करते असं वाटतं. प्रत्यक्षात अशा अभ्यासकाचं निम्मं काम त्या कायद्यालाच प्रश्न विचारण्याचं असतं.

सिडनी विद्यापीठातले बेन सॉल यांचं उदाहरण घ्या. आंतरराष्ट्रीय कायद्यात 'दहशतवाद' या शब्दाची व्याख्या काय, यावर त्यांनी २००६ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. दहशतवादाशी लढताना मानवी हक्क कसे राखायचे हे पाहणारे संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक (नेमलेले स्वतंत्र तज्ज्ञ) म्हणून ते २०२३ पासून काम करतात. एका शब्दावर उभी राहिलेली कारकीर्द! आणि तो शब्द अजून सुटलेला नाही. १९३७ मध्ये राष्ट्रसंघाने (संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेने) दहशतवादावर करार केला, त्याला मंजुरी दिली ती एकट्या हिंदुस्थानने. तो कधी अमलातच आला नाही. १९९६ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांपुढे व्यापक कराराचा मसुदा ठेवला, तोही व्याख्येवरच अडून बसलाय.

आपली अडचण वेगळी आहे. 'दहशत' आपल्याकडे फारसीतून आला आणि रोजच्या बोलण्यात मुरला. गल्लीतला गुंड 'एरियात दहशत बसवतो', बातमीत कुणी 'कोयता नाचवून दहशत माजवतो'. मग तो दहशतवादी का नाही?

प्रतिसाद

याचं उत्तर आपल्याच जिल्ह्याने मिळवून दिलंय. खटला वसई भागातला, आणि वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. 'हितेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या १९९४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गुन्ह्यामुळे लोक घाबरले एवढ्यावर 'टाडा' (तेव्हाचा दहशतवादविरोधी कायदा) लागत नाही, दहशत पसरवण्याचा हेतूच असावा लागतो. म्हणजे दहशत हा परिणाम आणि दहशतवाद हा हेतू. मी ठाणे कोर्टात बरीच वर्षं कारकुनी केली. हा फरक कागदावर येतो तेव्हा माणसाच्या जामिनाचा प्रश्न असतो.

दुसरं, 'अटक' आणि 'स्थानबद्ध' एक नव्हेत. अटक होते ती आधीच घडलेल्या गुन्ह्यासाठी, स्थानबद्धता माणूस पुढे काही करेल या शक्यतेपोटी. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये दोन्हींचे नियम निराळे आहेत. तडीपार माणूस तर मोकळाच असतो, फक्त हद्दीबाहेर. बातम्यांत या तिघांची खिचडी होते तेव्हा फार वाईट वाटतं.

मूळ लेखक

हेतू आणि परिणाम, हे भाचीला लगेच वाचून दाखवलं. तिने एक भर घातली. यूएपीए म्हणजे बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून, खटला चालून दोष सिद्ध होण्याआधीच, केंद्र सरकार एखाद्या व्यक्तीला 'दहशतवादी' म्हणून जाहीर करू शकतं. पूर्वी हे फक्त संघटनांबाबत होतं. म्हणजे 'दहशतवादी' हे आता नुसतं विशेषण नाही, तो कायदेशीर दर्जा आहे. आरोपीला सरसकट दहशतवादी लिहू नये, 'संशयित' किंवा 'आरोपी' लिहावं, असं ती ठामपणे म्हणते आणि मला ते पटतं.

'अतिरेकी' तर मी तरी टाळेन. जेवणात मिठाचा अतिरेक होतो, मतांचाही होतो. टोकाचं मत बाळगणं आणि बॉम्ब ठेवणं यांना एकच शब्द वापरला तर मत बाळगणाऱ्यावर अन्याय होतो.

आता राहिला 'सुरक्षा'. राष्ट्रीय सुरक्षा कायदा (१९८०), जनसुरक्षा, इथे सुरक्षा राज्याच्या बाजूने बोलते. 'महिलांची सुरक्षितता' म्हणताना मात्र आपण माणसाच्या बाजूने बोलतो. 'रस्ता सुरक्षा' हा अपवाद धरूनही हा भेद मला जाणवतो. जुन्या मराठीत तो होता का? जाणकारांनी उदाहरणं द्यावीत, भाचीच्या प्रबंधाच्या मराठी शीर्षकात यांपैकी एकच शब्द बसणार आहे.