मेसियानिक 'रब्बी'चा ऑनलाइन कोर्स: माणूस खरा की भोंदू, कसं ओळखायचं?

नगरची_रूथ:
जय ख्रिस्त मंडळी. बाबा निवृत्त झाल्यापासून यूट्यूबवर एका अमेरिकन मेसियानिक रब्बीला (येशूला मसीहा मानून ज्यू रीती पाळणाऱ्यांचा धर्मगुरू) ऐकतात. शनिवारी शब्बाथ सुरू झालाय, 'येशू' म्हटलं की 'येशुआ म्हण'. त्याला माझी ना नाही. पण या गृहस्थांचा वर्षाचा कोर्स आहे, हिब्रू आणि तोरा (मोशेची पाच पुस्तकं), ४०० डॉलर. माणूस खरंच शिकलेला आहे का, हे कसं तपासायचं? दुसरं काही असेल तर सुचवा. बजेट ५ हजार रुपये.

खवचट_काका:
मला वाटलं रब्बी हंगामाचा धागा आहे. हरभरा पेरा.

न्यूजर्सीकर:
पैसे घालवून शिकलोय म्हणून लिहितो. इथल्या एका 'रब्बी'कडे सहा महिने जात होतो. अक्षरांची चित्रं काढायचा. आलेफ म्हणजे बैल, बेथ म्हणजे घर, म्हणून 'आब' (बाप) म्हणजे घरातला बलवान. लोक वह्या भरायचे, मीसुद्धा. मग कॉलेजात रीतसर हिब्रू घेतलं तेव्हा कळलं, अक्षरांची नावं खरी, पण शब्दाचा अर्थ असा निघत नाही. 'क कमळाचा' म्हणून 'कढी'त कमळ शोधण्यातली गत. फी ११०० डॉलर, पण वसूल. तुम्हीही तेच करा.

केडगावचा_पाव्हणा:
हिब्रूसाठी अमेरिका कशाला? पंडिता रमाबाईंनी आमच्या केडगावात बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२४ ला छापून झालं, त्यांच्या मुक्ती मिशनच्याच छापखान्यात. त्याच्याही आधी, १८३२ मध्ये, मिशनरी जॉन विल्सन यांनी मुंबईत मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं होतं, बेने इस्रायलींसाठी (आपल्या कोकणातले मराठी ज्यू).

नगरची_रूथ:
अभिमान आहेच हो. पण त्यातल्या कशाला आज प्रवेश मिळेल?

शनवार_तेली:
आम्ही बेने इस्रायली, मूळ कोकणातल्या नवगावचे, आता इस्रायलात अश्दोदला. आमच्या लेखी येशूला मसीहा मानला की तो ख्रिस्ती, पुढं रब्बी लावा नाहीतर शास्त्री. इथल्या सुप्रीम कोर्टानंही १९८९ मध्ये बेरेसफर्ड खटल्यात तेच धरलं, ज्यू म्हणून परतीच्या कायद्याचा (ज्यूंना इस्रायलात येऊन राहू देणारा कायदा) हक्क दिला नाही. अर्थात 'ज्यू कोण' हे दुखणं आम्हाला विचारा. १९६४ पर्यंत लग्नाच्या वेळी इथले रब्बी आमच्याच पिढ्या तपासत होते.

पाळकांचा_पोरगा:
तिचा प्रश्न राहिला बाजूला. रूथताई, आधी विचारा की दीक्षा (ते स्मिखा म्हणतात) कोणी दिली. मग त्या संस्थेलाच मेल टाका, त्याच्या वेबसाइटवर विसंबू नका. २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉग हत्याकांडानंतर मिशिगनला तेव्हाचे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष पेन्स यांच्या सभेत एका मेसियानिक रब्बीनं प्रार्थना केली. मागाहून मेसियानिक मंडळ्यांच्याच युनियननं सांगितलं, याची दीक्षा आम्ही २००३ मध्येच काढून घेतलीय!
दुसरं, 'जीझस' हे नाव 'झ्यूस' या ग्रीक देवावरून आलं का, विचारा. हो म्हणाला तर पळा. ख्रिस्ताच्या आधीच्या ग्रीक भाषांतरात यहोशवाचं (मोशेनंतरचा पुढारी) नाव 'इएसूस' असंच आहे, 'जीझस' त्यावरूनच.
आणि मेसियानिक वेगळे, हिब्रू रूट्सवाले (ज्यू सण-नियम पाळणारे ख्रिस्ती) वेगळे. यांतले बरेच 'रब्बी' ज्यू घरातले नसतातच.

शनवार_तेली:
यहोशवा नाही, येहोशुआ.

पाळकांचा_पोरगा:
मराठी बायबलात यहोशवाच आहे.

न्यूजर्सीकर:
+१. चित्रांचंही विचारा. मी वर लिहिलंय, कोणी वाचलेलं दिसत नाही.

मिरजेची_मावशी:
२०१२ मध्ये अटलांटाजवळच्या चर्चमध्ये असल्याच एकानं बिशपना तोराच्या गुंडाळीत गुंडाळून राजा केलं होतं, व्हिडिओ बघा. मग बिशपना माफी मागावी लागली. मी मात्र कोर्सबिर्स केला नाही, थेट शोफार (मेंढ्याच्या शिंगाचा कर्णा) मागवला. साडेआठ हजार. आवाज एक नंबर, पण मेंढ्याचा वास काही जात नाही.

खवचट_काका:
पाखरं हाकलायला हरभऱ्यात उपयोगी पडेल.

नगरची_रूथ:
सगळ्यांचे आभार. मेल टाकली, युनियनच्या यादीत हे नाव नाही. झ्यूसचंही बाबांनीच लाइव्हमध्ये विचारलं. "अर्थात!" म्हणाला. बाबा दोन दिवस गप्प होते. मग म्हणाले, झ्यूसचं चुकलं असेल, पण तो माझं नाव घेऊन 'शब्बाथ शालोम' म्हणतो, आपल्या मंडळीत मला कोणी विचारत नाही. वर्षाचे नाही, एका महिन्याचे ४० डॉलर भरलेत. मीही शेजारी बसते, झ्यूस आला की खोकते.
मावशी, शोफारला व्हिनेगर लावून पाहिलं का? बाबांनी तोही मागवलाय.