आंबेनळी घाट: रुंद करायचा की आहे तोच टिकवायचा?

घाटवाटा: पोलादपूर ते महाबळेश्वर हा आंबेनळी घाटातला जेमतेम चाळीस किलोमीटरचा राज्यमार्ग. पावसाळा सरला की "रुंद करा, वळणं काढा" ही मागणी होतेच. माझा तिला स्पष्ट विरोध आहे.

पूर्वी महाड बंदरातला माल बैलांच्या पाठीवर पार घाटानं वर चढायचा. १६५९ साली अफझलखानाची फौज रडतोंडी घाट उतरून पार गावाशीच तळ देऊन होती. कोयनेवरचा तिथला जुना दगडी पूल आजही उभा आहे. गाडीरस्ता इंग्रजांच्या काळातला. १८६७ ते १८७२ मुंबईचा गव्हर्नर असलेल्या फिट्झजेराल्डचं नाव त्याला मिळालं. चढ बेताचा ठेवायचा म्हणून तो डोंगराच्या कडेकडेनं वळसे घेत गेला. सरळ करायचा तर डोंगराचा पायाच कापावा लागेल. माथ्यावर जांभा, खाली काळा पाषाण. पाणी जांभ्यातून मुरतं, मधला मातीचा थर भिजतो आणि वरचा सगळा भार घसरतो. पाया कापल्यावर त्याला अडवणार कोण?

कोयनाकाठ: साफ नामंजूर. कुंभरोशी, पार, जावळी ही गावं महाबळेश्वर तालुक्यात. तहसील वर, सरकारी दवाखाना वर. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, रस्ता जागोजागी तुटला. बाळंतीण अडली असेल त्या घराला जांभा नि पाषाण सांगून काय होणार? पर्यटकांच्या गाड्यांसाठी नाही मागत आम्ही.

सावित्रीखोरे: यांच्याशी सहमत. २८ जुलै २०१८ ला दापोलीहून निघालेली बस याच घाटात दरीत कोसळली, ३० माणसं गेली. कठडा भक्कम नाही, साईडपट्टी नाही, समोरून एसटी आली की बाहेरचं चाक कडेवर. शेजारी कशेडीला बोगदा होतो, मग आमच्या नशिबी हेच का?

रानवाट: कशेडीवरून मुंबई-गोवा महामार्ग जातो, तिथली वाहतूक आणि इथली एकाच मापानं कशी मोजणार? शिवाय २००१ पासून महाबळेश्वर-पाचगणी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. मोठ्या कटाईची परवानगी मिळेपर्यंत किती पावसाळे जातील?

घाटवाटा: कोयनाकाठ, तुमची गरज खरी आहे, आणि म्हणूनच सांगतो. २०२१ ला रस्ता अरुंद होता म्हणून बंद पडला नाही, खालून वाहून गेला म्हणून पडला. पालापाचोळा नि दगडांनी रस्त्याखालची मोरी तुंबली की पाणी डांबरावरून वाहतं, बाहेरच्या कडेची माती नेतं, मग कठड्यासकट रस्ता खचतो. दुप्पट रुंद केलात तरी मोऱ्या तुंबलेल्याच असतील तर तोही खचेल. मोऱ्या मोठ्या करा, दरीकडच्या संरक्षक भिंती नव्यानं बांधा, दरड येते तिथे जाळ्या लावा. कठड्याचं सावित्रीखोरे म्हणतात ते शंभर टक्के मान्य, आणि अवघड वळणांवर गाडी थांबायला जागाही काढा.

कोयनाकाठ: हे सगळं मेअखेर होणार असेल तर रुंदीकरणाचा हट्ट सोडतो. पण जुलै-ऑगस्टमध्ये एक जेसीबी कुंभरोशीला आणि एक पोलादपूरला उभा पाहिजे, चालकासकट. एवढं लेखी द्या.