यादीत नसलेल्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी चढवायचं आहे: एमटी७६२८एएन, सल्ला हवा

ऐरोली_सेक्टर८
केबलवाल्याकडून पैसे देऊन घेतलेला राउटर आहे, वर त्यांचंच स्टिकर. उघडून पाहिलं तर मोठी चिप मीडियाटेक एमटी७६२८एएन, पत्र्याच्या डबीखाली एमटी७६१२ईएन, आठ पायांची फ्लॅश (कायमच्या साठवणीची चिप) विनबाँड २५क्यू१२८. रॅम १२८ एमबी दाखवतो. ओपनडब्ल्यूआरटीच्या (राउटरसाठीचं खुलं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर) यादीत हे मॉडेल नाही. याच चिपचे दुसऱ्या कंपन्यांचे राउटर मात्र यादीत आहेत. त्यातल्याच एखाद्याची फाईल सरळ अपलोड केली तर? आणि फ्लॅश खरंच १२८ एमबी आहे का?

नौपाडा_वायरमन
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. १२८ हे मेगाबिट. आठाने भागा, १६ एमबी. तेवढी पुष्कळ आहे. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमवाल्या डब्यांचा अधिकृत आधार कधीच सुटला, ८ आणि ६४ वाले कसेबसे तग धरतात, १६ आणि १२८ वाल्याला चिंता नाही. चिपही चांगल्या घराण्यातल्या आहेत. दोन्ही वायफायना एमटी७६ हा खुला ड्रायव्हर चालतो: २.४ साठी एमटी७६०३, ५ साठी एमटी७६एक्स२. आत ब्रॉडकॉम असती तर मी इथेच थांबा म्हटलं असतं.

दुसऱ्या मॉडेलची फाईल वेबपेजवरून अपलोड करू नका. एकतर कारखान्याचं फर्मवेअर ती नाकारेल, किंवा स्वीकारेल आणि चुकीच्या जागी लिहील. दुसरी शक्यता जास्त वाईट. फ्लॅशवर अक्षरही न लिहिता आधी रॅममध्ये बूट करून बघायचं, मग फॅक्टरी पार्टिशनची (फ्लॅशमधला कारखान्यात भरलेला भाग) प्रत काढायची, आणि मगच लिहायचं. हा क्रम उलटा झाला की राउटरची वीट होते आणि आपल्याला वीट येतो.

एक खात्री करून घ्या: डबा तुमच्या मालकीचा आहे ना? भाड्याचा किंवा फायबर थेट आत जाणारा ओएनटी असेल तर हात लावू नका. त्यातला सिरियल क्रमांक कंपनीच्या यंत्रणेशी बांधलेला असतो, फर्मवेअर बदललं की लाईनच उठणार नाही.

खारघर_वरचा_मजला
लागणारं सामान: लॅपटॉप राउटरच्या सिरियल कन्सोलला जोडणारं ३.३ व्होल्टचं यूएसबी ते टीटीएल मॉड्यूल (सीएच३४० किंवा सीपी२१०२), चार पिनांची २.५४ मिमी पट्टी, मादी-मादी जंपर वायरी, मल्टिमीटर. लॅमिंग्टन रोडला सगळं एका फेरीत मिळतं. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, पूर्वेला बाहेर पडा. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात.

मॉड्यूलवर ५ आणि ३.३ असा जंपर असेल तर तो ३.३ वरच हवा. ५ व्होल्टने चिपचा आरएक्स (आत घेणारा) पाय मरू शकतो. मग अक्षरं दिसतात पण टाईप केलेलं आत जात नाही, आणि माणूस दोन दिवस वायरी बदलत बसतो.

बोर्डवर ओळीत चार छिद्रं शोधा. पॉवर काढून मल्टिमीटर बीपवर ठेवा: अडॅप्टरच्या जॅकच्या बाहेरच्या कडीशी जे वाजेल ते ग्राउंड. पॉवर देऊन व्होल्टेज मोजा: कायम ३.३ दाखवेल ते व्हीसीसी, त्याला काहीही जोडायचं नाही. बूट होताना आकडा थरथरतो तो टीएक्स (बाहेर पाठवणारा), उरलेला आरएक्स. राउटरचा टीएक्स मॉड्यूलच्या आरएक्सला, आरएक्स टीएक्सला, ग्राउंड ग्राउंडला. तीनच वायरी.

ऐरोली_सेक्टर८
जोडलं. पुट्टीत (कन्सोल दाखवणारं सॉफ्टवेअर) १,१५,२०० वेग ठेवला, स्क्रीनवर चौकोन आणि प्रश्नचिन्हांचा पाऊस.

खारघर_वरचा_मजला
५७,६०० करा. मीडियाटेकचं जुनं यूबूट (बूटलोडर, म्हणजे राउटर चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम) बहुतेक वेळा याच वेगावर बोलतं. ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, आणि फ्लो कंट्रोल बंद. पुट्टीत ते आपोआप चालू राहतं, त्यामुळेही कीबोर्ड गप्प वाटतो.

वायरी लावलेल्या असताना बोर्ड उठतच नसेल तर टीएक्सची वायर पॉवर दिल्यावर क्षणभराने लावा. या चिपचे काही पाय सुरू होताना सेटिंग वाचायला वापरले जातात, मॉड्यूल तो पाय ओढून धरतं.

नौपाडा_वायरमन
अक्षरं नीट आली की काही सेकंद एक यादी दिसेल. त्यातलं टीएफटीपी म्हणजे केबलवरून फाईल पाठवायची साधी पद्धत. ती नीट वाचा, घाईत बोट चुकतं:

१ = टीएफटीपीवरून फाईल रॅममध्ये घ्या
२ = टीएफटीपीवरून घेऊन फ्लॅशवर लिहा
३ = फ्लॅशवरून नेहमीसारखं बूट
४ = कमांड लाईन
९ = नवीन बूटलोडर घेऊन फ्लॅशवर लिहा

तुम्हाला फक्त १ हवा. ९ च्या वाटेला जाऊ नका. यूबूट गेलं तर पुढचा रस्ता फ्लॅश चिपला क्लिप लावण्याचा.

१ दाबलं की तीन गोष्टी विचारेल: राउटरचा आयपी, तुमच्या लॅपटॉपचा आयपी, फाईलचं नाव. या यूबूटमध्ये आधीपासून बहुतेक १०.१०.१०.१२३ आणि १०.१०.१०.३ भरलेलं असतं. तेच राहू द्या, लॅपटॉपला हाताने १०.१०.१०.३ आणि मास्क २५५.२५५.२५५.० द्या. फाईल तुमच्याच चिपच्या कुठल्याही यादीतल्या राउटरची, पण इनिटरॅमएफएस नावाची, जी रॅममधूनच चालते. सिसअपग्रेड वेगळी, ती फ्लॅशवर लिहायची, आत्ता नको. ती लॅपटॉपवरच्या टीएफटीपी सर्व्हरच्या फोल्डरमध्ये, नाव लहान करून ठेवा, टाईप करताना चुका होतात.

ऐरोली_सेक्टर८
केलं. स्क्रीनवर नुसती टी टी टी टी ची रांग.

रेतीबंदर
म्हणजे उत्तर येत नाही, टाईमआऊट. विंडोजचा फायरवॉल युडीपी ६९ अडवतो, प्रयोगापुरता बंद करा. वायफायही बंद करा, नाहीतर टीएफटीपी सर्व्हर भलत्याच कार्डावर ऐकत बसतो. केबल लॅनच्या पोर्टमध्ये हवी, वॅनमध्ये (इंटरनेटची वायर येते तो पोर्ट) नाही. यूबूटमध्ये बऱ्याचदा सगळे पोर्ट चालत नाहीत, एकेक करून बघा.

आणखी एक. राउटर रीसेट झाला की लिंक पडते, लॅपटॉप आयपी सोडून देतो आणि परत धरेपर्यंत वेळ निघून जाते. मध्ये घरातला कुठलाही जुना स्विच टाका. लॅपटॉपच्या दृष्टीने लिंक पडतच नाही. मी तर सगळ्यांना पहिल्यापासून स्विच मध्ये टाकूनच बसा म्हणतो. टी ऐवजी हॅशची रांग दिसली की फाईल येते आहे.

ऐरोली_सेक्टर८
हॅश आले. मग "एलझेडएमए एरर १, मस्ट रीसेट बोर्ड टू रिकव्हर". फाईल खराब?

नौपाडा_वायरमन
फाईल ठीक आहे, यूबूट म्हातारं आहे. आताची कर्नल (प्रणालीचा गाभा) आकाराने मोठी, आणि जुन्या यूबूटमधला एलझेडएमए (दाबून लहान केलेली फाईल) उलगडणारा भाग तिथे अडखळतो. यावर ओपनडब्ल्यूआरटीमध्येच उपाय आहे: कर्नलच्या पुढे एक छोटा लोडर जोडतात. यूबूट तो तसाच उचलून चालवतं, कर्नल उलगडायचं काम लोडर करतो. ओपनडब्ल्यूआरटीच्या सोर्समधल्या एमटी७६एक्स८ च्या इमेज फाईलमध्ये ज्या राउटरांच्या व्याख्येत लोडर-कर्नल हा शब्द आहे त्यांची इनिटरॅमएफएस आधी आणून बघा. व्याख्या लिहायची वेळ येईल तेव्हा ती ओळ तुमच्याही राउटरला लागणार आहे, लक्षात असू द्या.

ऐरोली_सेक्टर८
उठलं! कन्सोलवर ओपनडब्ल्यूआरटीचं अक्षरचित्र दिसतंय. लॅनवर १९२.१६८.१.१ लागतं. आता प्रत कशी काढू?

खारघर_वरचा_मजला
आधी कर्नल लॉगमध्ये पार्टिशनच्या सीमा बघा. या घराण्याची नेहमीची मांडणी अशी: यूबूट १९२ केबी, मग ६४ केबी कॉन्फिग, मग ६४ केबी फॅक्टरी, आणि ३२० केबीपासून शेवटपर्यंत फर्मवेअर. पण आत्ता दिसणारा नकाशा उसन्या राउटरचा आहे, तो तुमचा असेलच असं नाही. मूळ फर्मवेअरच्या बूट लॉगमधल्या आकड्यांशी ताडून घ्या.

लुसीमध्ये (ओपनडब्ल्यूआरटीचं वेबपेज) सिस्टिम, मग बॅकअपच्या पानावर एमटीडीचा (फ्लॅशचे भाग) मजकूर उतरवून घ्यायची सोय आहे. जेवढे भाग दिसतात तेवढे सगळे उतरवा. फॅक्टरी मात्र दोनदा काढा आणि दोन्हींचा एमडी५ (फाईलच्या मजकुरावरून निघणारा तपासणीचा आकडा) जुळतो का बघा. मग हेक्स एडिटरमध्ये उघडा: पहिले दोन बाइट २८ ७६ दिसले पाहिजेत. ३२ केबी पुढे ५ गिगाहर्ट्‌झच्या चिपचा मजकूर, तिथे १२ ७६ किंवा ६२ ७६. सगळीकडे एफएफ दिसलं तर जागा चुकली.

या ६४ केबीत तुमच्या नगाचं रेडिओ कॅलिब्रेशन आणि मॅक पत्ते (नेटवर्कवरची ओळख) असतात. कारखान्यात प्रत्येक नग मोजून भरलेले. दुसऱ्याची फॅक्टरी घातली तर वायफाय चालतं, पण पल्ला पडतो आणि मॅक दुसऱ्याचा येतो. कुठल्याच वेबसाइटवर ती परत मिळत नाही. पेनड्राईव्हवर आणि स्वतःला मेल करून, दोन्हीकडे ठेवा.

नौपाडा_वायरमन
आता स्वतःची व्याख्या लिहून इमेज बनवायची. लिनक्स मशीनवर १५ जीबी मोकळी जागा, पहिलं बिल्ड काही तास घेतं, रात्री लावून झोपा. सगळ्यात जवळच्या राउटरची डीटीएस (हार्डवेअरचं वर्णन) फाईल कॉपी करा: चिप तीच, दुसरी वायफाय चिप तीच, फ्लॅश १६ एमबी. त्यात बदलायचं म्हणजे नाव, एलईडी आणि रीसेट बटनाचे जीपीआयओ (चिपच्या पायांचे क्रमांक), आणि मॅक कुठून वाचायचे ते. फॅक्टरीत हेक्स ४ वर वायफायचा, २८ वर लॅनचा, २ई वर वॅनचा, असं बहुधा सापडतं. डब्याखालच्या स्टिकरशी ताडा. इमेजची कमाल मर्यादा १६,०६४ के. एवढं जमलं की स्वतःची इनिटरॅमएफएस परत रॅममधूनच बूट करा, दोन्ही वायफाय, पाचही पोर्ट, बटन तपासा. मगच त्यातून सिसअपग्रेड, सेटिंग न ठेवता. लिहिताना राउटर इन्व्हर्टरवर असू द्या, पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही.

पामबीच_१७
एवढी खटपट करण्याआधी बघा: एमटी७६२८ चे पोर्ट १०० एमबीपीएसचे आहेत. घरी ३०० चा प्लान असेल तर वायरवर ९४-९५ च्या वर काही दिसणार नाही, फर्मवेअर कुठलंही घाला. त्यापेक्षा यादीतला एमटी७६२१ वाला जुना राउटर वापरलेला घ्या. त्याचे पोर्ट गिगाबिटचे असतात.

ऐरोली_सेक्टर८
प्लान ५० चा आहे, चालेल. पण सिसअपग्रेडनंतर सगळं उत्तम असूनही पीपीपीओई (केबलवाल्याचं इंटरनेट लॉगिन) लागत नाही. पासवर्ड तोच.

रेतीबंदर
केबलवाल्याने मॅक बांधलेला असणार, नवी मुंबईत हे सर्रास आहे. मूळ फर्मवेअर वॅनला जो मॅक देत होतं तोच त्याच्याकडे नोंदलेला आहे. स्टिकरवरचा आणि तो एक असतोच असं नाही, एक-दोनचा फरक असतो. काढलेल्या प्रतीत २ई वरचे सहा बाइट बघा आणि वॅनच्या डिव्हाइस सेटिंगमध्ये हाताने भरा. तरी नाही लागलं तर राउटर दहा मिनिटं बंद ठेवा, पलीकडे जुनं सेशन अडकलेलं असतं. एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४९२. आणि वायफायच्या सेटिंगमध्ये देश भारत निवडायला विसरू नका, नाहीतर ५ गिगाहर्ट्‌झचे चॅनेल आणि पॉवर चुकीची मिळते.

ऐरोली_सेक्टर८
२ई वरचा मॅक स्टिकरपेक्षा एकाने जास्त होता. भरला, लागलं. डीटीएस आणि बूट लॉग उद्या इथे टाकतो.