गावची गाडी सुरू राहावी म्हणून तुम्ही काय केलंत? (अनुभव धागा)

आमच्या भागातली संध्याकाळची फेरी यंदा बंद झाली. कारण नेहमीचंच, भारमान नाही, म्हणजे गाडीत पुरेसे प्रवासी नाहीत. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे, पण गाडीच येत नसेल तर गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी त्या सवलतीचं करायचं काय? ज्यांनी फेरीसाठी पाठपुरावा केला त्यांनी इथे जरूर लिहा. यश आलं नसेल तरी लिहा. अर्ज कुणाला केला, कागद कोणते जोडले, हे तपशील हवे आहेत.

घाटमाथा
मी शिक्षिका आहे. आमची शाळा पाचला सुटते आणि फाट्यावरून गाडी साडेचारला निघायची. पोरं पोचेपर्यंत गाडी गेलेली. मग ती रिकामी धावते म्हणून बंद! आम्ही शाळेच्या फाटकाशी वही घेऊन बसलो. कुठल्या वाडीची किती मुलं, पास कुणाकडे, वडापने (खासगी जीपने) कोण जातं, सगळं लिहून काढलं. ती यादी, मुख्याध्यापकांचं पत्र आणि ग्रामसभेचा ठराव आगार व्यवस्थापकांना दिला, प्रत विभाग नियंत्रकांना. पोच घेतल्याशिवाय टेबलासमोरून हललो नाही. अर्जात नुसतं 'फेरी सुरू करा' लिहिलं नव्हतं, 'साडेचारची फेरी सव्वापाचला सोडा' असं लिहिलं होतं. जास्तीची गाडी नको, जास्तीचा ड्रायव्हर नको, म्हटल्यावर नाही म्हणायला जागाच उरली नाही. आता गाडीत उभं राहायला जागा नसते.

गोदाकाठची
आमच्याकडे सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातली एसटीची निळी बस येते, मुलींना बारावीपर्यंत मोफत. पावसाळ्यात पुलाजवळ रस्ता खचला आणि बस फाट्यावरूनच परत फिरू लागली. ड्रायव्हरचं काही चुकत नव्हतं, पोरी भरलेली गाडी तो तिथून कशी नेणार? आम्ही आगारात खेटे घालत राहिलो, आणि रस्ता बांधकाम विभागाच्या अखत्यारीतला. तिकडे सगळ्या आया मिळून गेलो तेव्हा मुरूम पडला. रस्ता वाहतुकीस योग्य असल्याचा दाखला आगारात दिला आणि बस सुरू झाली. तेवढ्यात माझ्या जावेच्या मुलीची अकरावी सुटली होती. बस परत आली, ती कॉलेजात परत गेली नाही.

वाडीवरचा
कोकणातून लिहितोय. आमची मुक्कामाची गाडी बंद व्हायच्या बेतात होती. ड्रायव्हर-कंडक्टरना विचारलं तर कळलं की रात्रभर डासांत गाडीतच झोपायचं, सकाळी संडासचीही सोय नाही. ग्रामपंचायतीने समाजमंदिराची खोली दिली, पंखा लावला, पाण्याची टाकी बसवली, संडासची किल्ली त्यांच्याकडेच ठेवली. पहाटेची गाडी टिकली. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सकाळच्या केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं तर तीच एक गाडी आहे.

तूरवाला
आमचं जमलं नाही. काळी-पिवळी चालवणारे गावातलेच. ठराव आला की निम्मी ग्रामसभा गप्प. त्यांचंही पोट त्यावरच आहे, हे मी नाकारत नाही. पण रात्री बाळंतीण न्यायची तर ते म्हणतील ते भाडं द्यावं लागतं.

निवृत्त वाहतूक नियंत्रक
वहीवाल्या बाईंनी केलं ते अगदी योग्य. कंडक्टरच्या मशीनमध्ये प्रत्येक तिकिटाची नोंद होते. माहिती अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून तुमच्या फेरीचे महिनावार प्रवासी आणि उत्पन्न मागा, मग 'भारमान नाही' याचा अर्थ कळेल. ७५ वर्षांवरच्यांनी शून्य रकमेचं तिकीट आवर्जून मागून घ्यावं. ओळखीचे आजोबा म्हणून कंडक्टर हसून बसू देतो, पण तिकीट नसेल तर तो प्रवासी हिशेबात येतच नाही. आणि अर्ज शाळा सुरू व्हायच्या आधी, एप्रिल-मेमध्येच द्या. जूनमध्ये आगारातल्या गाड्या आधीच वाटून झालेल्या असतात.