एक्सजे13 : शर्यत नाही, अपघात मात्र झाला

एक्सजे13 या गाडीबद्दल कुणीतरी विचारलंय, 'कधीच शर्यतीत न उतरलेल्या गाडीचं एवढं काय कौतुक?' जॅग्वार एक्सजे13 फ्रान्समधल्या ल मांच्या 24 तासांच्या शर्यतीसाठी 1966 साली बांधली, तीही एकच. चालकाच्या पाठीमागे 5 लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन. काम रेंगाळलं, तेवढ्यात 1968 पासून प्रोटोटाइप गटाला, म्हणजे खास शर्यतीसाठी बांधलेल्या गाड्यांना, 3 लिटर इंजिनची मर्यादा आली. बसली मग कोपऱ्यात.

खरी गोष्ट पुढची. 1971 मध्ये जॅग्वारच्याच नव्या बारा सिलिंडरच्या स्पोर्ट्‌स कारच्या, व्ही12 ई-टाइपच्या, जाहिरातीचं चित्रीकरण करायला तिला इंग्लंडमधल्या मायरा या गाड्यांच्या चाचणी ट्रॅकवर नेलं. भर वेगात मागचं चाक तुटलं आणि गाडी कोलांट्या खात गेली. चालक नॉर्मन ड्युइस धडधाकट बाहेर आले, नशीब! पुढे पत्रा नव्याने ठोकून गाडी उभी केली. म्हणजे इंग्लंडमधल्या गेडनच्या मोटार संग्रहालयातली ती हुबेहूब मूळची नाही. चाकांवरचे फुगवटेही बदललेत.

आमच्या बडोद्यात 2023 ला लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात जुन्या गाड्या आल्या होत्या. दांडिया बाजारात गॅरेज चालवलेले आमचे काका प्रत्येक मडगार्डच्या आतल्या कडेवरून बोट फिरवत होते. 'लाट लागतेय, ठोकलेली आहे रे ही.' रखवालदाराने दोनदा हटकलं.

एक्सजे13 त्यांना दाखवायची राहिली.